मॉक ड्रिलमधला मयत

नाय, पण मला एवढंच सांगा, मेलेल्या माणसाला मुंगी चावली तर त्यानं खाजवावं का नाय? सांगा की! हसताय काय... आमच्या सोमनाथला हा सवाल पडला तेव्हा तो कंपनीतल्या सिमेंटच्या रोडवर उताणा पडलेला, भर उन्हात, तोंडाला पांढरी पावडर फासलेली, गळ्यात काळी पट्टी, आन् मुंगी कुठं तर मानेमागं, कॉलरच्या आत, आन् तिथून खाली निघालेली! आन् वरून कर्णा कोकलतोय, "सर्व कामगारांनी हे खरं समजून वागावं! खरं समजून वागावं!" आता कामगारांचं ठीक हाय, पण मुंगीला कोण समजावणार ओ, की बाई, हे सगळं खोटं हाय, तू आपली घरी जा!

तुम्हाला सांगतो, हे सगळं त्या चष्म्यापासून सुरू झालं. आमची रंगाची कंपनी, वाळूजला. सोमनाथ तिथं फिटर. गाव पाचोड, ऱ्हायला बजाजनगरला. माणूस सोन्यासारखा, पण भिडस्त. भिडस्त म्हणजे किती? न्हाव्यानं एका बाजूचा कल्ला जास्त उडवला तर हा म्हणणार, "ऱ्हाऊ द्या ओ, दुसराबी तेवढाच उडवा." असा माणूस! आन् आमचे सेफ्टी ऑफिसर अमेय सर, पोरगेलं माणूस, लई तळमळीचं, त्यांनी आणला तो चष्मा. चष्मा कसला, डबाच तो! डोळ्याला बांधला की आपलीच कंपनी दिसती, पण पेटलेली. धूर काय, भोंगा काय, माणसं पळतायत काय... आन् तुम्ही त्याच्यातून वाट काढून बाहेर पडायचं. शिक्षण हाय म्हणं! खुर्चीवर बसून घाम फुटायचा, आन् सर आपले बाजूला उभे, "घाबरू नका, पण खरं समजून वागा!"

झालं, सोमनाथला बांधला डबा. हा बरोबर दारापर्यंत गेला ओ! आन् दारात थांबला. हातानं हवेत इशारा कराय लागला, "व्हा पुढं, तुम्ही व्हा आधी..." कुणाला? तर त्या चष्म्यातल्या माणसांना! चित्रं ती, चित्रं! त्यांना वाट देत उभा ऱ्हायला, मागून धूर आला, आन् समोर लाल अक्षरात, 'आपला मृत्यू झाला आहे. पुन्हा प्रयत्न करा.' पुन्हा केला. पुन्हा दारात थांबला. पुन्हा मेला.

सर बेजार! "सोमनाथराव, अहो ती माणसं नाहीत!"

"तरीबी सर, म्होरं एक बाई होती."

आता बोला. मग ड्रिल ठरली, खरीखुरी, म्हणजे खोटीच, पण मैदानातली. बाहेरून तपासणीवाले येणार, पांढरी हेल्मेटं घालून, मार्क देणार. कुणी जखमी व्हायचं, कुणी वाचवायचं, कुणी मरायचं. मरायला कोण? सगळ्या डिपार्टमेंटचं एकच बोट, सोमनाथ! त्याला प्रॅक्टिस हाय! घरी अपेक्षा, म्हणजे त्याची बायको, लई भडकली, "जितंपणी मेल्याचं सोंग घेऊ नगा, सांगून ठेवते!" पण हा सरांना नाय म्हणणार? हा न्हाव्याला नाय म्हणत नाय!

आन् सरांनी बजावलेलं, "सोमनाथराव, तुम्ही मेलात म्हणजे मेलात. शेवटचा भोंगा होईपर्यंत हलायचं नाही. मेलेला उठला की सगळी ड्रिल फेल, पुन्हा पहिल्यापासून!"

आता ह्याच्यात कडुबाला आणतो. कडुबा म्हणजे सोमनाथचा दोस्त, जानी दोस्त. एका गाडीवर दोघं ड्युटीला येणार, एका डब्यात जेवणार. आन् कडुबा नटसम्राट की ओ गावचा! दरसाल नाटकात मरायचा पार्ट ह्याचाच, आन् हा मेला की बाया खरंच पदर डोळ्याला लावायच्या. ड्रिलमधी त्याला दिली पिवळी पट्टी. काळी म्हणजे मेला, लाल म्हणजे लई गंभीर, आधी उचला, आन् पिवळी म्हणजे थांबला तरी चालतंय. कडुबाचा उजवा पाय मोडला, असं ठरलं. मग काय विचारता! आठवडाभर हा माणूस लंगडतोय. चहाला लंगडत, कॅन्टीनला लंगडत. सोमनाथ म्हणला, "आरं, अजून मोडला नाय तुझा," तर म्हणतो, "सोंगात शिरावं लागतंय लेका, तुला नाय कळायचं, तुला नुसतं पडायचंय."

तर पडला. भोंगा झाला, मशीनीतून धूर सोडला, माणसं पळाली, सोमनाथ आडवा. हाताच्या अंतरावर कडुबा. आन् काय सुरू केलं कडुबानं! "आय आय आयऽऽ, माझा पायऽऽ!" पांढरी हेल्मेटवाले थबकले. "व्वा! नॅचरल आहे!" सोमनाथचे डोळे मिटलेले, मुंगी कॉलरमधी, कर्णा चालूच, खरं समजून वागा, खरं समजून वागा... आन् मधीच कडुबा गप झाला.

सोमनाथला वाटलं, दम घेतोय. मग बारीक आवाज आला, "सोम्या... छातीत..."

हा मनात म्हणला, झालं, हेनं पार्ट वाढवला! पण आवाज कसा तरीच होता ओ. सोमनाथनं एक डोळा उघडला, एवढाच, किलकिला. बघतो तर कडुबाचा एक हात छातीवर, दुसरा जबड्याला. पायाला नाय! तेवढ्यात हेल्मेटवाला काय म्हणतो, "हा चार नंबरचा जखमी चुकतोय. पाय मोडलाय ना ह्याचा? छाती का धरली? मार्क कापा!"

मार्क कापा! आन् तिथंच सोमनाथनं दुसराबी डोळा उघडला. कारण तुम्हाला सांगतो, कडुबा बायकोचं नाव इसरंल, पण पार्ट इसरणार नाय! आठवडाभर लंगडलेला माणूस ऐन ड्रिलमधी पाय सोडून छाती धरतोय? चेहऱ्यावर घाम असा, की कपाळावर लावलेलं खोटं रक्त वघळून कानात चाललंय, आन् त्याच्या खालचा रंग राखेसारखा.

"कडुबा... ए... सोंग हाय ना?"

"सोंग... नाय... रं..." आन् डोळे वर गेले.

आता सांगा! काय करावं मयतानं? आवं, त्याच्या जिवाची काय तगमग झाली असंल! उठलं तर ड्रिल फेल. सर काय म्हणतील, साहेब काय म्हणतील, आन् कडुबा खरंच सोंग करत असला तर सगळी कंपनी जन्मभर हसंल... एवढं सगळं त्या एका क्षणात डोक्यात, आन् डोक्याच्या वर कर्णा, खरं समजून वागा! आन् सोमनाथ उठला.

"ओऽऽ! ह्याला खरंच झालंय! पळा!"

कोण पळतंय? हसली की माणसं! "मयत उठलं रं!" असेंब्ली पॉइंटवर, म्हणजे पळून जमायच्या जागी, टाळ्या. खोटं कशाला बोलू, त्या टाळ्यांत मीबी होतो. हेल्मेटवाला म्हणतो, "घबराट चांगली दाखवली." स्ट्रेचरवाली पोरं आली, पट्टी बघितली, "पिवळी हाय ओ ह्याची, आधी लाल उचलायच्यात," आन् चालली म्होरं! हा त्यांच्या मागं, "आरं खरं हाय!" तर ते म्हणतात, "व्हय व्हय, खरंच समजून वागतोय आम्ही!" काय बोलणार ओ त्याला? जे बोलावं ते आधीच नाटकात लिहिलेलं! खरं सांगायला शब्दच शिल्लक नाय ठेवला हो कुणी!

मग सोमनाथ पळाला. पांढऱ्या तोंडाचं भूत, सरळ कर्ण्याच्या टेबलाकडं. तिथला माणूस 'खरं समजून' एवढं बोलला, आन् सोमनाथनं, आमच्या सोमनाथनं, चित्राला वाट देणाऱ्या सोमनाथनं, त्याच्या हातातला माइक हिसकला. आन् असा वरडला की माइक फाटला जणू, "बंद करा हे! कडुबा मरायलाय! माझा कडुबा मरायलाय ओ!"

गप. सगळी कंपनी गप. धूर सोडायची मशीन तेवढी फुसफुस करत होती. कारण तो आवाज... तसला आवाज सोमनाथला काढता येत नाय, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

अमेय सर आधी पळाले. हातातली वही फेकली आन् पळाले. कडुबाच्या नाकाशी कान नेला, गळ्याला बोटं लावली, आन् त्यांचं तोंड सोमनाथच्या तोंडापेक्षा पांढरं झालं, बिगर पावडरचं. छातीवर हात ठेवले आन् दाबाय लागले. शिकलेले की ते! पण कशावर शिकलेले? रबराच्या पुतळ्यावर! त्या पुतळ्याला बरोबर दाबलं की आतून टक् वाजायचं. सर दाबतायत, रडकुंडीला आलेत, "टक येत नाहीये! सोमनाथराव, टक येत नाहीये!"

"माणूस हाय ओ सर तो! दाबा! अजून जोरात दाबा!"

"मोडेल काहीतरी!"

"मोडू द्या! दाबा!"

सरांनी जीव खाऊन दाबलं. आन् कट् करून आवाज आला. "आलं!" सर वरडले, आन् त्याच ठेक्यात दाबत ऱ्हायले, दाबत ऱ्हायले, घाम टिपटिप कडुबावर... आन् मग कडुबानं घोरल्यासारखा एक श्वास घेतला. लई घाणेरडा आवाज होता ओ. पण तुम्हाला सांगतो, तेवढा गोड आवाज आमच्यातल्या कुणी ऐकला नसंल.

आता अँब्युलन्स! ती आली, पण आत कोण? स्टोअरचा फकिरा! लाल पट्टीचा, गंभीर! एसीत, नाकाला नळी लावून, डाराडूर झोपलेला! "उतर फकिरा!" तर हा डोळे चोळत म्हणतो, "मी कसा उतरू? माझी लाल हाय, ह्याची पिवळी!" सोमनाथनं पाय धरून वढला त्याला. ड्रायव्हर म्हणतो, "भाई, अपनी ड्युटी गेटतक की है, ड्रिलमें हॉस्पिटल नै है." सोमनाथ म्हणला, "आज है! चल!"

गेटवर वच्छलाबाई, सिक्युरिटीवाली. तिला हुकूम, शेवटचा भोंगा होईपर्यंत गेट उघडायचं नाय. बार आडवा करून उभी, "मला सरांनी सांगितलंय, खरं समजून..." तेवढ्यात खिडकीतून सोमनाथनं मुंडकं काढलं. पांढरं तोंड, गळ्यात काळी पट्टी, लाल डोळे. "बाईऽऽ, बार उचल!" मयतच सांगतंय म्हणल्यावर ती काय करती बिचारी? उचलला!

दवाखान्याच्या दारात माणसं धावली, एक नजर टाकली आन् कुणाला धरावं? सोमनाथला! स्ट्रेचरवर घ्यायलेत! "मी नाय ओ, मी बरा हाय! मी मेलेलोय फक्त! हा, हा घ्या!" कडुबाला आत नेला, दार लागलं. आन् सोमनाथ भिंतीला टेकून खाली बसला.

मग आवडाबाई आली. कडुबाची बायको. रिक्षातून उतरली ती सरळ सोमनाथसमोर. तिनं त्याचं तोंड बघितलं, त्याच्यावरची पांढरी पावडर, गळ्यातली पट्टी, आन् तिच्या जिवात जीव आल्यासारखं झालं. हसलीच जरा. "भाऊजी, हे तुमचं ड्रिलचं चाललंय ना? हेनी सांगितलं होतं मला, आज मी लई रडणार हाय म्हणून. खोटं हाय ना हे?"

सांगा बरं, काय सांगावं त्यानं? सगळ्या कंपनीला खरं हाय म्हून वरडून सांगणारा माणूस, पण तिथं त्यानं आधी गळ्यातली काळी पट्टी काढली. मग बारीक आवाजात म्हणला, "वैनी, खरं हाय." ती त्याच्या बाजूला बसली. आपल्या पदरानं तिनं त्याच्या तोंडावरची पावडर पुसली. अमेय सर समोरच्या बाकड्यावर, हाताकडं बघत बसलेले. कर्णा नाय, भोंगा नाय. नुसतं दार.

उन्हं कलल्यावर डॉक्टर बाहेर आले, म्हणले, नस मोकळी केली, धोका टळला. मग आवडाबाई रडली. मग सोमनाथ. मग सर, आन् सरांचं तर कुणाला आवरंना.

तुम्ही म्हणाल, वा, गोड झालं. थांबा! कडुबाला साध्या वॉर्डात आणल्यावर सोमनाथ गेला भेटायला, मोसंब्या घेऊन. मनात काय असंल त्याच्या, की आता हा गळ्यात पडंल, डोळ्यात पाणी आणंल... बसला खाटेजवळ, मोसंबी सोलाय लागला. कडुबानं एक डोळा उघडला.

"सोम्या."

"बोल भावा."

"हार्टचं कायबी नाय. पण बरगड्या! मोडल्यात दोन! खोकता येत नाय, कुशीवर वळता येत नाय, हसता येत नाय! 'दाबा, जोरात दाबा' म्हून कोण वरडत होतं रं तिथं?"

"...मीच."

"मोडू द्या, असंबी म्हणला म्हणं."

"म्हणलो."

"तुझं काय जात होतं लेका? बरगड्या माझ्या!" आन् हेनं तोंड भिंतीकडं फिरवलं, म्हणजे फिरवाय गेला, आन् "आय आय आय" करत परत उताणा.

सोमनाथनं मोसंबीची फोड द्यायला हात म्होरं केलता, तो तसाच मागं घेतला आन् फोड आपल्याच तोंडात घातली.

आंबट निघाली.