ओलिंदाबाईंची खुर्ची लिमाला जाते

आणि विचारतात काय, तर "बॅटरी ओली की सुकी?" आता तुम्हीच सांगा, इकितोसमध्ये विचारायचा प्रश्न आहे का हा? इथं दोरीवरचा टॉवेल सुकत नाही, बरणीतल्या मिठाचं पाणी होतं, कपाटात ठेवलेल्या चपलेला हिरवी लव येते, आणि ती विमानतळाच्या काउंटरवरची पोरगी, गळ्यात रुमालाची गाठ, ओठांना लाली, ओलिंदाबाईंना विचारते, खुर्चीची बॅटरी सुकी आहे का! ओलिंदाबाई म्हणाल्या, "बाळ, या गावात मीच सुकी नाही, बॅटरीचं काय घेऊन बसलीस?" पोरगी हसली नाही. तिनं पुढचा प्रश्न काढला, "बरोबर कोण आहे?"

"खुर्ची आहे."

"नाही, माणूस कोण?"

"माणूस मी."

तुम्हाला सांगतो, ओलिंदाबाई तुआनामा आमच्या गल्लीतल्या. उभा जन्म बाजारात हुआने विकण्यात गेला, म्हणजे पानात बांधून शिजवलेला भात आणि आत कोंबडीचा तुकडा. उभं राहून राहून आधी गुडघे गेले, मग कंबर गेली, मग बाईंनी विजेवरची खुर्ची घेतली. स्वतःच्या कमाईची, हं! उजव्या हाताशी एक छोटी दांडी. पुढं ढकलली की खुर्ची पुढं, मागं ओढली की मागं. तीत बसून बाई फळ्यांवरून, चिखलातून, कोंबड्यांमधून अशा जातात की तीनचाकीवाले आपणहून बाजूला होतात. एकट्या राहतात, एकट्या रांधतात, कुणी नसलं तर एकट्या भांडतात. सगळं झकास चाललेलं... पण लिमाला आहे ना थोरली बहीण!

सोराइदा. मुख्याध्यापिका होती. निवृत्त झाली, पण ते तिला कुणी कळवलेलं नाही. दर रविवारी फोन. "ओलिंदा, किती दिवस एकटी राहणार? पडलीबिडलीस म्हणजे? कायमची ये इकडं, खोली तयार आहे." दर रविवारी! शेवटी ओलिंदाबाई भडकल्या. "आठ दिवस येते. माझ्या खुर्चीत बसून, माझी मी, तुझ्या दारापर्यंत येते. डोळ्यांनी बघ, आणि पुन्हा तो विषय काढू नकोस!" आता आमच्या गावातून बाहेर जायला रस्ताच नाही. एक तर नदी, नाही तर विमान. बोटीत खुर्ची चढवायची तर बाईंसकट पाण्यात जायची, म्हणून विमान.

तर काउंटरवर मोठा साहेब आला. वाकला. बाईंच्या कानाशी तोंड नेऊन, एकेक शब्द सुटा करून ओरडला, "माई... तुम्हाला... चालता... येतं... का?"

बाई त्याच्या कानात ओरडल्या, "येत असतं... तर... ही... फिरायला... आणली असती... का?"

"बरोबर कोण आहे?"

म्हणजे साहेबसुद्धा तेच! पुढं तपासणीला गेल्या, तिथल्या बाईनं खुर्चीच्या कुशीत हात घातला, मोठं ऊनऊन गाठोडं बाहेर काढलं, वास घेतला, आणि तिचा चेहराच बदलला हो, भूक लागली बिचारीला. "हे काय?" "हुआने. बहिणीसाठी." "बरं, बरोबर कोण आहे?" "कोंबडी आहे. पण शिजलेली."

मग विमानाच्या दाराशी बाईंना एका अरुंद खुर्चीत बसवलं, छातीवर पट्टा, मांड्यांवर पट्टा, पायांवर पट्टा... पार्सल बांधतात ना, तसं. आणि त्यांची खुर्ची नेली खाली. इतका वेळ बाई सगळ्यांना पुरून उरल्या होत्या, पण खिडकीतून बघतात तर खाली उन्हात खुर्ची एकटी उभी, भोवती चार बाप्ये कमरेवर हात ठेवून, आणि त्यातला एक दांडी उपटतोय! पोराला पहिल्या दिवशी शाळेत सोडून आई खिडकीला नाक लावते ना, अगदी तशा बाई काचेला चिकटल्या. काचेवर थापा मारल्या, "अरे दांडीला हात लावू नका! दांडीला नको!" विमानाची काच ती, तिला काय ऐकू जाणार? शेजारचा गृहस्थ कानातली वायर काढून म्हणाला, "मावशी, बरोबर कोण आहे तुमच्या?"

"ती काय, खाली उभी आहे," बाई म्हणाल्या, आणि लिमा येईपर्यंत पायांखालच्या खडखडाटाकडं कान लावून बसल्या.

लिमाला सगळे उतरले, झाडूवाले आले, झाडून गेले, मग खुर्ची आली. बाई बसल्या. हायसं वाटलं. दांडी पुढं ढकलली... आणि खुर्ची सपकन मागं, थेट तिथल्या साहेबाच्या बुटावर! अहो, जोडताना दांडी उलटी बसवलेली! पुढंचं मागं, डाव्याचं उजवं. साहेब एका पायावर नाचत म्हणाला, "उद्या माणूस येईल, सरळ करून देईल. आज आमच्या खुर्चीतून जा, आमचा मुलगा ढकलत नेईल."

ढकलत! म्हणजे सोराइदाच्या दारात, सगळ्या गल्लीसमोर, कुणीतरी ढकलत आणलेली ओलिंदा! त्यापेक्षा नदीत पडलेलं बरं. "नको," बाई म्हणाल्या, "मी शिकते." आणि सामानाच्या पट्ट्यासमोर बाईंनी सराव सुरू केला. लोक ट्रॉल्या सोडून पळतायत, एक पाद्री खांबाला चिकटलाय, आणि बाई पुटपुटतायत, "ओढायची, ढकलायची नाही... ओढायची, ढकलायची नाही..." जमलं! व्हॅन केली, खुर्ची चढवली, निघाल्या.

सोराइदाच्या गल्लीच्या तोंडाशी उतरल्या. लिमाचं ते राखाडी आभाळ, गारठा, आणि दारात सोराइदा, नवा स्वेटर घालून, मागं शेजारणी. बाई ताठ बसल्या. ओढायची. खुर्ची पुढं. ओढायची. खुर्ची पुढं. कशी राणीसारखी! आणि जवळ आल्यावर सोराइदाचा चेहरा दिसला. किती वर्षांनी! केस पार पांढरे, गाल आत गेलेले, आणि डोळे भरलेले. झालं. ओलिंदाबाईंना भडभडून आलं, बहिणीकडं धाव घ्यावी वाटलं, आणि हातानं आपल्या जुन्या सवयीनं दांडी ढकलली ना पुढं!

खुर्ची निघाली मागं. जेवढं जवळ जावंसं वाटतंय तेवढी दांडी जोरात ढकलतायत, तेवढी खुर्ची लांब लांब चाललीय, आणि सोराइदा, माजी मुख्याध्यापिका, स्वेटर सावरत गल्लीतून धावतेय! "ओलिंदा! अगं आलीस का निघालीस? ओलिंदाऽऽ!"

बेकरीच्या पायरीला चाक अडलं तेव्हा थांबल्या. सोराइदा पोचली, धाप लागलेली, "मला... बघून... पळालीस?"

"तुला पळता येतं का ते बघत होते," ओलिंदाबाई म्हणाल्या. "नाही येत."

खरंच नव्हतं येत हो. छाती धडधडत होती तिची. खुर्चीची पाठ घट्ट धरून, तिच्यावर सगळा भार टाकून, सोराइदा पावलापावलानं घरी परत आली. म्हणजे बघा, कोण कुणाला घेऊन आलं? शेजारणींना काही कळेना, टाळ्या कुणासाठी वाजवायच्या!

दांडी दुसऱ्या दिवशी सरळ झाली. पण ती तयार खोली, तिच्या दारातून खुर्चीच जाईना. ओलिंदाबाई आठ दिवस जेवणाच्या टेबलाशेजारी झोपल्या, आणि रात्रीच्या अंधारात दोघी बहिणी लहानपणीच्या एका कोंबडीवरून भांडल्या. ओलिंदाबाईंनी तिथंच ओळखलं, ही बाई दर रविवारी फोन का करते. आठवडाभर तिच्या घरी कुणी बोलायलाच नसतं.

निघायच्या दिवशी सोराइदा पर्स घेऊन दारात उभी. "तुला एकटीला सोडणार नाही. पोचवते, पंधरा दिवस राहते, आणि येते परत." काउंटरवर पुन्हा "बरोबर कोण?" सोराइदानं हात वर केला, वर्गात करतात तसा, "मी!" मग काय, सगळे प्रश्न सोराइदाला. हिला चालता येतं का, ही पाणी पिते का, हिला खिडकी हवी का... ओलिंदाबाई आपल्या बसल्यात, जणू हातातली छत्री.

परवा इथं आमच्या गल्लीत मी ओलिंदाबाईंना त्यांच्या दारात गाठलं. म्हटलं, "काय बाई, पंधरा दिवस कधीच होऊन गेले, बहीण कधी जाणार?"

ओलिंदाबाईंनी आत बघितलं. आवाज खाली आणला. म्हणाल्या, "काल तिनं पडदे बदलले."