फुटाण्याच्या कढईतली कॉफी

नाई, त्या खुर्चीवर नका बसू भाऊ, तिचा एक पाय हालते — इकडं दिवाणावर बसा, पोत्याले टेकलं तरी चालते, कॉफीच आहे त्यात. हो, हेच दुकान. साइटवर मोठं दिसते, मले माहीत आहे — फोटोतली ती दगडी भिंत शेजाऱ्यांची आहे. कॉम्प्युटर तो, कोपऱ्यात, चादरीखाली. सेलूत लाइट दोन वाजता येते — म्हणजे ऑनलाइन दुकान चोवीस तास उघडं, फक्त मालकिणीले आत जाता येत नाई.

तुम्ही नागपुरात कॉफीचं हॉटेल काढून राह्यले, महिन्याले वीस किलो लागन, पण भट्टी पाहिल्याशिवाय ऑर्डर पक्की करणार नाई — तुमचा तो ई-मेल मी इतक्या वेळा वाचला का माझी पोरगी आचल मांडीवर वाट पाहून झोपून गेली. खोटं काऊन बोलू, त्या वीस किलोवरच आहे सगळं. आजवर घेतली कोणं आमची कॉफी? तुम्ही, तीनदा. अकोल्याची रुचिका — ती माझी मावसबहीण. अन् वर्ध्याचे एक निकेश आहेत, ते — जाऊ द्या, ते आमचेच हे. मले बरं वाटावं म्हणून ऑफिसातून दुसऱ्या नावानं मागवत होते, अन् मी दोन महिने ‘आदरणीय निकेशजी’ लिहून राह्यली होती. पार्सल ह्यांच्या डब्याच्या पिशवीतून घरी परत आलं तेव्हा कळलं.

लग्नानंतर आम्ही चिखलदऱ्याले फिरायले गेलतो. तिथं बाबाराव म्हणून एक शेतकरी, त्यांच्या अंगणात बिया वाळत होत्या, मी विचारलं हे काय, ते म्हणे कॉफी. आपल्या विदर्भात कॉफी — किती जणाले माहीत आहे, सांगा? तेच डोक्यात बसलं. आता बाबाराव अन् त्यांच्या बाजूची दोन घरं व्यापाऱ्याले माल न देता माझ्यासाठी ठेवून राह्यले — माझ्या शब्दावर, भाऊ. अन् इकडं घरी मले दूध आणायले सांगतात तरी दोनदा आठवण करून देतात. तुमची ऑर्डर झाली तर दुकान राह्यलं, नाई तर दसऱ्यापासून इंटरनेट बंद. असं ह्यांनी म्हटलं नाई, मीच म्हटलं — कोणी म्हणायच्या आधी आपण म्हटलेलं बरं.

भट्टी — हो, भट्टीवरच येऊन राह्यली. साइटवर लिहिलं आहे, ‘लाकडाच्या आचेवर, पारंपरिक कारागिराच्या हातानं’. त्यात एक अक्षर खोटं नाई. कारागीर म्हणजे नत्थूजी, मागच्या गल्लीत फुटाणे भाजते, चाळीस वर्षांपासून. पहिले मी घरी तव्यावर भाजून पाहिली — एका बाजूनं कोळसा, दुसऱ्या बाजूनं हिरवी. मग वाटलं, चणा कधी फुटन हे जो माणूस नुसत्या आवाजावरून ओळखते, त्याले कॉफी काय जड आहे? अन् नाईच गेली जड — कान देऊन उभा राहते, बी तडकली का झारा मारते. गुरुवारी त्याचे फुटाणे बंद, म्हणून गुरुवार माझा. वाळू काढायची, कढई राखेनं घासायची, मग कॉफी टाकायची, हे ठरलेलं.

आता तुमचं तिसरं पार्सल. तुम्ही लिहिलं होतं, या वेळी काहीतरी वेगळं आहे, शेवटाले जिभेवर काहीतरी राहते, काय केलं? अन् मी कळवलं, डोंगरात बिया वाळवायची नवी पद्धत. तशी पद्धत नाई, भाऊ. बाबारावांना विचाराल तर ते तुमच्या तोंडाकडं पाहतील. त्या गुरुवारी आचलले ताप होता, मी भट्टीवर गेलीच नाई, अन् नत्थूजीनं कढई घासली नाई. फुटाण्याले हळद-मिठाचं पाणी लावतात, ते बुधवारचं तसंच कढईले बसलं होतं. तुमच्या जिभेवर राह्यलं ना, ते मीठ. मीठ अन् हळद. पाकीट भरतानाच मले बोटं पिवळी दिसली होती — पदराले पुसली अन् पाकीट चिकटवलं. हे मी सांगणार नव्हती. कढई चमकवून ठेवली आहे, ती दाखवायची अन् विषय निघालाच तर डोंगराचं बोलायचं, असं तुमची गाडी दारात लागेपर्यंत ठरलेलं होतं.

पाठवायच्या आधी चाखून काऊन नाई पाहिली? — विचारा ना, तोंडावर आलंच आहे तुमच्या. आचल चौदा महिन्यांची, अजून अंगावर पिते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कॉफी नको, पोरगी झोपणार नाई. त्याच्या आधी ती पोटात होती, तेव्हाही नकोच. दुकान सुरू झालं तेव्हापासून मी माझी कॉफी एक घोट प्याली नाई. ते ‘आधी मोहाचा वास, मागून गुळाची चव’ लिहिलं आहे ना, ते मी वासावरून लिहिलं अन् ह्यांच्या चेहऱ्यावरून — अन् ह्यांच्या चेहऱ्यावर किती भरवसा ठेवायचा, ते निकेशजींवरून समजून घ्या. सासूबाई पितात, पण दूध, साखर, वेलची टाकून, अन् मग म्हणतात, चहा चांगला झाला.

ही घ्या. या गुरुवारची आहे, कढई मी सोता घासली, शेवटपर्यंत उभी होती. दूध नाई, साखर नाई. ऑर्डरचं मागून सांगा — नाई सांगितलं तरी चालते — म्हणजे चालत नाई, पण ते मागून. आधी एवढंच सांगा, कशी लागते. मले खरंच माहीत नाई.

थांबा, लगेच नका बोलू. नीट प्या. मी चूप बसते.