असेल कुणाचा तरी

गोबीच्या वाळवंटातल्या त्या वाटेवर नोर्जमाला कोळशाचा ट्रक मिळाला, हेच नशीब. सकाळपासून माणूस दिसला नव्हता. मग एक म्हातारा दिसला, खांद्यावर खोगीर घेऊन हात दाखवत. नोर्जमा ट्रकवाल्याकडे सरकली, म्हातारा तिच्याशेजारी चढला. पुढचं सगळं बोलणं त्या दोघांचं, तिच्या डोक्यावरूनच झालं.

"काय आजोबा, जनावरं मजेत ना?"

"मजेत. चांगली धष्टपुष्ट आहेत."

"निघालात कुठं?"

"उलानबातरला, लेकीकडं. नवव्या मजल्यावर राहते."

"मग घोडा काय लिफ्टनं चढवणार?"

"घोडा कुठला, बाळा? या हिवाळ्यात एकसुद्धा जनावर वाचलं नाही."

"अहो, आत्ता तर धष्टपुष्ट म्हणालात!"

"तू रीत म्हणून विचारलंस, मी रीत म्हणून सांगितलं."

"अरे, हे काय!"

"काय झालं?"

"आरशात बघा. मागनं कुत्रा धावतोय. तुमचा का?"

"नाही. असेल कुणाचा तरी."

"इथं तुमच्याशिवाय राहतं कोण?"

"तू पुढं बघ."

"अजून येतोय आजोबा. थांबवू का?"

"नको. जोरात घे जरा. खासर म्हातारा झालाय, पळून पळून लवकर दमेल."