घाऱ्या डोळ्यांची सून

सावळ्या रंगाच्या देवाला नमस्कार, गोऱ्या रंगाच्या देवाला नमस्कार, आणि समोर बसलेल्या सगळ्या रंगांच्या देवांना — म्हणजे तुम्हाला — नमस्कार! मंडळी, बसलात ना नीट? मागे उभे आहेत त्यांनी पुढे या. पुढे बसलेत त्यांनी... झोपू नका!

आज एक साधा प्रश्न विचारतो. माणसाच्या मनात काय चाललंय ते त्याच्या डोळ्यांच्या रंगावरून कळतं का? बोला! — हां, त्या काकू मान डोलावताहेत. कळतं म्हणतात! बरं, या सभेत घाऱ्या डोळ्यांचे किती? हात वर करा. एक... दोन... आणि हे आमचे पेटीवाले बापूराव. अहो बापूराव, लाजता काय? वर करा हात! — बघा, बघा! बापूरावांनी हात वर केला आणि तबलजी जरा तिकडे सरकले!

हे असं आहे, मंडळी. घारा म्हटला की आतल्या गाठीचा. घारी म्हटली की हिच्या मनाचा भरवसा नाही. हल्ली तर मोबाईलवर येतं — अमुक रंगाचे डोळे असतील तर स्वभाव तापट, तमुक रंगाचे असतील तर डोक्यावर परिणाम. आणि आपण ते काय करतो? वाचतो. आणि मग? पुढे पाठवतो! खरं-खोटं कोण बघतो?

तर ऐका. कृष्णाकाठी एक गाव आहे. नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथले लोक मला पुन्हा कीर्तनाला बोलवायचे नाहीत! त्या गावात द्वारकाबाई उंडाळकर नावाच्या एक बाई. मनाने प्रेमळ, हाताला चव, आणि जीभ? जीभ अशी, की रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा त्यांच्या दारापुढून शेपूट घालून जायचं. नवरा देवाघरी गेलेला. मुलगा श्रीधर, शाळेत मास्तर. आणि लेक रेवती, लग्न होऊन कोल्हापुरात.

या श्रीधरने एक दिवस आईला सांगितलं, "आई, मी मुलगी पसंत केलीय. माझ्याच शाळेत शिकवते. हेमांगी. कोकणातली आहे."

"कोकणातली? चालेल की! फणस येतील घरात." — बघा, किती उदार मन!

पण मुलगी घरी आली, वाकून नमस्कार केला, मान वर केली... आणि द्वारकाबाई दोन पावलं मागे! डोळे घारे! ते पण असेतसे नाहीत. खाडीच्या पाण्यासारखे. हिरवट म्हणावं तर निळसर, निळसर म्हणावं तर करडे.

मुलगी गेल्यावर द्वारकाबाई मुलाला म्हणाल्या, "श्रीधर, हे जमायचं नाही. आमच्या माहेरी एक चुलती होती. घाऱ्या डोळ्यांची. भ्रमिष्ट झाली रे! देवळापुढच्या पाराशी बसून एकटीच बोलायची. घाऱ्यांचं डोकं फिरतंच!"

आता मला सांगा, त्या माहेरी काळ्या डोळ्यांचं कुणी भ्रमिष्ट झालंच नसेल? झालं असेल हो! पण त्यांचे डोळे कोण बघत बसलंय? काळ्या डोळ्यांचा वेडा झाला की आपण म्हणतो, "बिचारा!" आणि घाऱ्या डोळ्यांचा झाला की म्हणतो, "तरी मी सांगत होतो!"

श्रीधर हट्टाला पेटला. लग्न झालं. हेमांगी सून होऊन घरात आली आणि द्वारकाबाईंना एक नवं काम लागलं — पहारा! सून हसली की, "कारण नसताना हसते." सून गप्प बसली की, "घुमी झाली." सून लवकर उठली की, "झोप उडाली वाटतं." उशिरा उठली की... असो, उशिरा उठली तर ते कुठल्याही रंगाच्या सुनेला ऐकावं लागतं!

एकदा काय गंमत झाली — श्रीधर शाळेतून आला तर आई फाटकाशीच उभी. चेहरा पांढराफटक. "श्रीधर, झालं! सुरू झालं! ती स्वयंपाकघरात एकटीच बोलतेय. हातवारे करतेय. मध्येच म्हणाली, 'मी नाही येणार, तूच ये.' कुणाला बोलावतेय रे ती?"

श्रीधर आत गेला. बघतो तर काय? हेमांगी कणीक मळतेय, कानात ती मोबाईलची बोंडं घातलेली, आणि पलीकडे गुहागरला तिची आई! — अहो, हसताय काय? तुमच्या घरात हेच चालतं!

हेमांगीलाही हे सगळं कळत होतं. आपल्याकडे कोण कसं बघतंय हे कळायला काय लागतं? पण ती पोरगी शहाणी. वाद घालायची नाही. मात्र तिच्या मनात एक गोष्ट होती, ती तिने सासरी कुणाला सांगितली नव्हती. फक्त श्रीधरला ठाऊक. ती गोष्ट पुढे येईल. धीर धरा.

वर्ष-दीड वर्ष गेलं. रेवती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आणि रेवतीचे डोळे? काय सांगू! काळेभोर, टपोरे. द्वारकाबाई सगळ्यांना सांगायच्या, "माझ्या रेवाला काजळ लागतच नाही." मुलगी झाली. पेढे वाटले, बारसं झालं. डिंकाचे लाडू झाले, शेकशेगडी झाली. सगळं यथासांग!

आणि हळूहळू रेवती विझायला लागली.

बाळ रडायचं, ती छताकडे बघत राहायची. बाळ झोपायचं, हिचा डोळ्याला डोळा नाही. जेवणाचं ताट तसंच. वेणी घातली तर घातली, नाहीतर नाही. जी पोरगी घर डोक्यावर घ्यायची, तिच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे विहिरीतून बादली ओढावी तसं. द्वारकाबाई आधी म्हणाल्या, "अशक्तपणा आहे." दोन लाडू वाढवले. मग म्हणाल्या, "नवऱ्याची आठवण येते." जावयाला बोलावून घेतलं. तो आला, दोन दिवस बाळाला खेळवलं, गेला. फरक नाही.

मग काय राहिलं? सांगा तुम्हीच! — बरोब्बर! नजर!

"माझ्या रेवाला दृष्ट लागली. घरातच लागली!" द्वारकाबाईंनी मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळल्या, चुलीत टाकल्या, आणि सुनेला सांगितलं, "हेमांगी, आजपासून बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. त्या डोळ्यांनी तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही!"

मंडळी, एखाद्याला शिवी दिली तर तो उलट शिवी देईल. पण एखाद्याला सांगितलं, की "बघू नकोस" — तर त्याने काय करावं?

हेमांगी अंगणात गेली. दुपारची वेळ. त्या खोलीची खिडकी अंगणात उघडते. ही दोरीवरची दुपटी काढत होती, आणि खिडकीतून हळूच हाक आली.

"वहिनी..."

"काय गं रेवती?"

"वहिनी, ही मुलगी माझी आहे असं मला वाटतच नाही. तिला उचललं की हात कापतात. मी फार वाईट आई आहे. मी नसलेलीच बरी. माझ्यावाचून ती सुखी होईल."

हेमांगीच्या हातातली दुपटी खाली पडली. का पडली? कारण हे बोलणं तिने आधी ऐकलं होतं. शब्दन् शब्द! तिच्या थोरल्या बहिणीला पहिल्या बाळंतपणानंतर हेच झालं होतं. मनाच्या डॉक्टरांकडे नेलं, औषधं दिली, बहीण बरी झाली. आज दापोलीत शिकवण्या घेते, पोरांना खाडीवर पोहायला नेते. तीच ती लपवलेली गोष्ट! आणि त्या बहिणीचे डोळे? अहो, एकाच आईच्या पोटच्या दोघी. घारेच!

आता बघा पेच. बोलावं, तर सासूच्या हातात आयतं कोलीत — "म्हणजे तुमच्या घरात आहेच वेड!" गप्प राहावं, तर रेवतीचं काय? तुम्ही असता तर? काढली असती तोंडातून ती गोष्ट? आपल्या घरातलं दुखणं आपण सख्ख्या शेजाऱ्याला सांगत नाही, मंडळी. गुडघा दुखतो ते गावभर सांगतो!

हेमांगीने रेवतीला म्हटलं, "हलू नकोस. मी आलेच." आणि सरळ माजघरात. द्वारकाबाई तांदूळ निवडत बसलेल्या, श्रीधर वह्या तपासत.

"आई, रेवतीला एकटं ठेवू नका. तिला आजार झालाय. बाळंतपणानंतर होतो तो. मनाचा. माझ्या बहिणीला झाला होता."

द्वारकाबाईंचा हात सुपातच थांबला. "बहिणीला? मनाचा? तिचेही डोळे—"

"हो. घारेच आहेत."

"अरे देवा! श्रीधर, ऐकतोयस? मी काय म्हणत होते? आहेच यांच्या रक्तात! आणि माझ्या लेकीलाही त्यातच ओढतेय! हिला आधी माहेरी धाड!"

श्रीधर उठला. "आई, जरा ऐकून तरी—"

पण हेमांगीने त्याला हाताने थांबवलं. तिचा आवाज चढला नाही, मंडळी. उलट खाली आला. "आई, मला धाडा माहेरी. मी बॅग भरते. पण उद्या. आज रेवतीला डॉक्टरकडे न्या. ती म्हणतेय, मी नसलेली बरी. तुम्ही माझ्याकडे दीड वर्ष बघताय. एकदा तिच्याकडे बघा!"

द्वारकाबाई उठल्या. सूप लवंडलं, तांदूळ सांडले, त्यांना भान नाही. त्या लेकीच्या खोलीत गेल्या. खाटेवर बसल्या. लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि त्या डोळ्यांत बघितलं. काळेभोर, टपोरे, सगळं तेच. पण आत कुणी नाही. दिवा काढून नेलेल्या देवळीसारखे.

"रेवा... झोप कधी लागली होती गं तुला?"

एवढंच विचारलं. आणि ती पोरगी, जी इतके दिवस रडली नव्हती, आईच्या मांडीत डोकं घालून ढसाढसा रडली. "आई, मला फार भीती वाटते. मला काय होतंय ते कळत नाही."

द्वारकाबाई ओरडल्या, "श्रीधर! गाडी काढ!"

तालुक्याच्या गावी मनाच्या आजारांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्या रेवतीशी खूप वेळ बोलल्या, मग त्यांनी सगळ्यांना आत बोलावलं. म्हणाल्या, "वेळेवर आणलंत. हा आजार आहे, आणि तो बरा होतो. औषध देते. झोप झाली पाहिजे, कुणीतरी सतत जवळ पाहिजे, आणि हिला कुणी टाकून बोलायचं नाही."

द्वारकाबाई चुळबुळ करत होत्या. शेवटी विचारलंच. "डॉक्टरीणबाई, रागावू नका. पण हे डोळ्यांच्या रंगाशी काही... म्हणजे घारे डोळे असले की..."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाल्या, "आजी, बुबुळात रंग कमी असला की डोळे घारे दिसतात, जास्त असला की काळे. त्यावरून मन आजारी पडेल की नाही ते सांगता येत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांत काळ्या डोळ्यांचेच जास्त असतात. का, सांगू? आपल्याकडे माणसंच काळ्या डोळ्यांची जास्त!"

झालं! इतक्या वर्षांचं शास्त्र एका वाक्यात आडवं!

एका रात्रीत चमत्कार झाला असं मी सांगणार नाही. सांगितलं तर कथा गोड होईल, पण खोटी होईल. दिवस लागले. महिने लागले. मध्ये एकदा रेवती म्हणाली, "औषध नको", तेव्हा हेमांगीने दापोलीला फोन लावून दिला आणि थोरल्या बहिणीनेच तिला समजावलं. बाळाला रात्री द्वारकाबाई सांभाळायच्या. हेमांगी रेवतीच्या शेजारी अंथरूण टाकायची. हो, त्याच खोलीत! बॅग भरायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

आणि एक दिवस सकाळी रेवतीने लाडवाचा घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "आई, डिंक कच्चा राहिलाय! असला लाडू कुणाला घालतेस?"

मंडळी, त्या द्वारकाबाई! त्यांच्या स्वयंपाकाला नाव ठेवायची कुणाची छाती? पण त्या दिवशी त्या लेकीचं बोलणं ऐकून पदराने डोळे पुसत होत्या आणि म्हणत होत्या, "अजून बोल गं! अजून नावं ठेव!"

मग संक्रांत आली. हळदीकुंकवाला घर भरलं. हेमांगी तिळगूळ वाटत होती. एक शेजारीण द्वारकाबाईंच्या कानाशी लागली — कानाशी म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या कानाशी! — "सून चांगली आहे हो, पण डोळे घारे. जरा जपून असा!"

सगळ्या बायकांच्या नजरा हेमांगीकडे. हेमांगीचा हात जागच्या जागी.

आणि द्वारकाबाई काय म्हणाल्या? "जपूनच आहे. फार जपते मी तिला! माझ्या लेकीला बाळंतपणात मनाचा आजार झाला होता. हो, माझ्या लेकीला! काळ्या डोळ्यांच्या! मी आई असून मला दिसला नाही. हिला दिसला. दवाखान्यात नेलं, औषध केलं, ती बघा, पोरीला घेऊन बसलीय. यात लाजायचं काय आहे?"

बायका तिळगूळ घेऊन पांगल्या. एक मात्र उंबऱ्याशी घुटमळत राहिली. तीच, कानाशी लागलेली! इकडेतिकडे बघितलं आणि खाली मान घालून म्हणाली, "द्वारकाबाई... त्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता मिळेल का? आमच्या धाकट्याला सहा महिने झोप नाही. आम्ही कुणाला बोललो नाही हो."

द्वारकाबाईंनी तिचा हात धरून तिला परत आत नेलं आणि हाक मारली, "हेमांगी, चहा टाक. आणि तू पण इथे येऊन बस."

मंडळी, कथा संपली, आता तुमची पाळी! या मंडपात इतके डोळे आहेत. काळे, घारे, चष्म्यातले, मोतीबिंदू काढलेले! त्यांतल्या एखाद्या जोडीला कित्येक दिवस झोप नसेल. आणि शेजारी बसलेल्याला ते ठाऊक नसेल! देवाने डोळे दिले ते काय रंग तपासायला?

आरतीला उठण्याआधी एक करा. शेजाऱ्याकडे वळा. नवरा असेल, जाऊ असेल, सासू असेल — हो, सासूसुद्धा! — आणि मोबाईल खिशात ठेवून विचारा, "झोप लागते का रे? बरं वाटतंय ना?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा. आरतीची घाई नाही. तोपर्यंत देव थांबेल.

विचारा, विचारा... मी बघतोय!