मोर्च्याआधीचे शब्द

— नाही गं, ती नाही, म्हटलं ना मघाशी. मोर्च्याची गाणी म्हणायला सांग, म्हणते. जेलमधली सांग, तीही म्हणते — घसा बसलेला असला तरी ती आपोआप बाहेर पडतात. पण तुला हवीत त्याच्या आधीची. प्रेमाची. आता तुला हे कुणी सांगितलं, मी प्रेमाची गाणी केली होती म्हणून? भाचीनं? तिच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. अगं, मी ती केली तेव्हा हिची आईसुद्धा दुधाच्या दातांची होती! आमच्या बोलीतली गाणी ती, भाचीला त्यातलं एक अक्षर कळायचं नाही. ते रेकॉर्डिंगचं यंत्र इथे स्टुलावर ठेव. खिडकीपाशी नको, तिथे नुसते डंपर ऐकू येतील. अजून नेतायत आमचा डोंगर — वरचा संपला, आता जमिनीखालचा.

बरं, ऐक. गाणी म्हणून ती कुणी केलीच नव्हती. आम्ही मुली शेळ्या घेऊन या उतारावर, मुलगे समोरच्या. मध्ये दरी. बोलायचं तर ओरडावं लागायचं, आणि ओरडून प्रेमाचं काय बोलणार — म्हणून गायचं. गाण्यात कोण कुणाला म्हणतंय ते कळत नाही ना. म्हणजे, कळायचं सगळ्यांना, पण कुणाला पकडता यायचं नाही! एक ओळ म्हणायची आणि गप्प बसायचं. का? अगं, डोंगर ती ओळ परत द्यायचा. ती परत येईपर्यंत थांबायचं, मग पुढची. आमच्या गाण्यात ती जागाच असायची, डोंगराची. घाई केली की आजी म्हणायची, त्याच्या तोंडचा घास काढलास.

कुणासाठी? कुणासाठी नाही. सगळ्याच करायच्या, मीही करायची... हसलीस, दिसलं मला. बरं, होता एक. शिट्टी म्हणायचे त्याला. पुढचा एक दात पडलेला, त्या फटीतून अशी शीळ घालायचा की माझ्या शेळ्या मला सोडून त्याचं ऐकायच्या. दिसायला काही खास नाही हां, हे एवढाले कान. पण गाणं कळायचं. मी ओळ सोडली, डोंगराचं परत येऊन विरतंय न विरतंय, तोच त्याची शीळ यायची — माझ्याच चालीत, शेवटी जराशी वाकडी केलेली. ती वाकडी तेवढी माझ्यासाठी असायची. बाकी काही नाही. हातसुद्धा कधी — नाही, हात धरला होता. झऱ्यावर. ते लिहू नकोस.

मग खाणीच्या कंपनीचे मोजणीवाले आले, खुंट्या ठोकून गेले, आणि मास्तरांनी मीटिंगा घ्यायला सुरुवात केली. मास्तर म्हणजे शाळेचेच, पण शाळेत कमी आणि मीटिंगांत जास्त. मला म्हणाले, माझं भाषण सुरू झालं की बायका डुलक्या काढतात, गाणं पाहिजे. चाल सगळ्यांच्या तोंडात बसलेली पाहिजे, शब्द आपण नवे घालू, बाहेरच्यांनाही कळतील असे. मग कुठली चाल घेणार? माझीच घेतली, झऱ्याच्या गाण्याची. तिच्यावर ‘डोंगर आमचा, आम्ही डोंगराचे’ बसवलं. आणि डोंगराची जी जागा होती ना, गप्प बसायची, तिथे घोषणा. सगळ्या गावाचे गळे एकदम! अंगावर काटा यायचा. मला आवडलं, खोटं कशाला बोलू. शिट्टीला विचारलं होतं मी, तुझं गाणं आहे, दिलं तर चालेल ना? म्हणाला, डोंगर राहिला तर गाणं राहील, नाहीतर ते ऐकवणार कुणाला? बरोबरच होतं की त्याचं.

पुढचं तुला माहीत आहे, सगळ्यांनी लिहिलंय. मी जेलमधून सुटून आले तोवर समोरच्या उतारावरची माणसं ट्रकमध्ये घालून नेलेली, लांब, सपाटीवर. त्यानं लग्न केलं म्हणे. मग काय करणार तो? मी आत, निरोप ना काही. मी? मला वेळ नाही मिळाला. कुणी विचारलं की मी हेच सांगते — चळवळीतून वेळ नाही मिळाला. तूही तेच लिही. आणि गाणं कुठल्या कुठे गेलं बघ! ज्यांनी आमचा डोंगर पाहिला नाही, तेही म्हणतात. मागे कंपनीच्या वर्धापनदिनाला लाऊडस्पीकरवर लावलं होतं — हो, कंपनीच्याच! चाल आवडली असेल. आणि डोंगर आमचा म्हणायला त्यांचं काय चुकलं आता? खरंच आहे त्यांचं.

तर तुझा फोन आला, मी हो म्हणून बसले. मग भांडी घासताना म्हटलं, म्हणून तरी बघू. चाल आली, आणि तोंडातून काय निघावं — ‘डोंगर आमचा’. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. अगं, माझे शब्द, मी केलेले, माझ्या आईच्या बोलीतले! पहिलाच येईना. विचारू कुणाला? बहीण गेली, मैत्रिणी गेल्या, खाणीच्या धुळीनं एकेकीची छाती धरली. राहिला कोण? एकच राहिला.

म्हणून गेले. भाचीला सांगितलं दवाखान्यात जाते, आणि बस बदलत बदलत गेले. ती वसाहत म्हणजे नुसती एकसारखी घरं, नजर पोचेल तिथवर सपाट. कुणी हाक मारली तरी परत काही येत नाही. त्याच्या सुनेनं दार उघडलं. खाटेवर बसला होता — कान तेवढेच, बाकी माणूस आटून गेलेला, तोंडात दात नाही. ओळखलं? ओळखलं की! उठून हात जोडले. म्हणाला, या ताई. ताई म्हणाला मला. सुनेला सांगतो, अगं याच त्या गाण्याच्या ताई, यांनी आपल्याला लढायला शिकवलं. मी म्हटलं, ते गाणं आठवतं का रे, शेळ्यांमागचं, झऱ्याचं? म्हणाला, न आठवायला काय झालं! आणि छाती काढून, मूठ वर करून — ‘डोंगर आमचा’. सगळं म्हटलं, एक शब्द चुकला नाही. डोळे भरून आले त्याचे. म्हणाला, आयुष्यात असं गाणं दुसरं नाही ऐकलं, ताई. मी म्हटलं, तुझ्यासाठी केलं होतं ते. तर म्हणतो, हो ना, आम्हा सगळ्यांसाठीच.

मग काय, चहा घेतला. नातवंडांचं विचारलं. आले.

नुसती चाल? बरं, एवढं म्हणतेस तर, शब्दांवाचून गुणगुणते —

— थांब. तुझे ओठ हलतायत. नाही नाही, रागावत नाही, पण हलले ना? आणि कुठले शब्द होते गं ओठांवर?

हं. तुझ्याही तेच.

बंद कर ते. आधी बंद कर, मग बोल. टिपलेलं काही असेल तर ठेव, नसेल तर पूस, मला काही फरक पडत नाही. आणि जाताना भाचीजवळ काही बोलू नकोस, मी दवाखान्यात गेले होते. जा आता.