आठ आठवड्यांचं औषध

सोलरुन : बाही वर कर.

रोई : आता कशाला? थंडीने गारठलोय, आधी सूप दे.

सोलरुन : हॉस्पिटलात दोन तास हाताला नळी लावून बसला होतास ना? मग सुईची जागा दाखव. दर वेळी काळंनिळं होऊन येतं.

रोई : नाही गेलो.

सोलरुन : गाडी तर तोर्शाव्हन शहरापर्यंत नेलीस.

रोई : बंदरात लावली आणि बसून राहिलो. हानुसच्या मासेमारी बोटीवर सामान चढवत होते. गुरुवारी ग्रीनलंडकडे निघतोय तो. कप्तान तो, त्याला त्याच्या खालोखालचा माणूस हवाय, आणि तो मीच पाहिजे म्हणतो. तीन-तीन महिन्यांच्या खेपा, मधे दहा दिवस घर. आत्ता फोन करेल.

सोलरुन : आणि औषध दर आठ आठवड्यांनी.

रोई : गणित येतं मला. या औषधाने मला बोटीवर जाण्याइतकं धडधाकट केलं, आणि हेच औषध मला बोटीवर जाऊ देत नाही. कुणाला सांगायचं हे?

सोलरुन : मला सांगायचं. गाडीत बसून काचेला नाही. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या, आठवतंय?

रोई : पाठ आहे. घ्यायचं तर नेमाने, नाहीतर बंद. अधूनमधून घेतलं की शरीर औषधावरच उलटतं, मग ते परत लागू पडेलच असं नाही. पण दोन वर्षांत शौचातून रक्ताचा थेंब नाही, सोलरुन. कदाचित मी खरंच बरा झालो असेन.

सोलरुन : औषध चालू आहे म्हणून.

रोई : ते कसं कळणार, बंद केल्याशिवाय?

सोलरुन : आणि बंद केल्यावर कळलं तर? आधीची दोन औषधं वाया गेली. घरी टोचायचं होतं त्याचा गुण महिनाभरही टिकला नाही. हे गेलं की त्यांच्याकडे फक्त ऑपरेशन उरतं.

रोई : चर्चमध्ये दाराजवळच्या बाकांवर कोण कोण बसतं बघ एकदा. अर्ध्या गावाची आतडी असलीच. जगतातच ना सगळे?

सोलरुन : जगतात, कधीही संडासकडे पळता यावं म्हणून दाराजवळ बसून. बोटीवर सोळा जणांत दोन संडास. आणि तिकडे आतडं फुटलं तर सर्जन काय गळाला लावून वर काढणार?

रोई : हसवू नकोस. मी दिवसभर काय करतो ठाऊक आहे तुला? कारखान्यात पांढरी टोपी घालून सॅमन माशांच्या पेट्यांना झाकणं लावतो. समोरच्या खिडकीतून बोटी जाताना दिसतात. ओळखीची बोट दिसली की मी मान खाली घालतो.

सोलरुन : ठाऊक आहे. घरी आल्यावर तासभर तू कुणाशी बोलत नाहीस.

रोई : मग तूच नको म्हण. तू नको म्हणालीस तर नाही जाणार.

सोलरुन : मी काहीच म्हणणार नाही. नको म्हटलं, तर प्रत्येक झाकण लावताना माझ्या नावाने दातओठ खाशील. जा म्हटलं आणि तिकडे काही झालं, तर मी कुणाकडे बघू? मी तुझी बायको आहे, मला तुझी पहारेकरीण व्हायचं नाही, रोई.

रोई : तुला काय वाटतं ते तरी सांग.

सोलरुन : भीती वाटते. दोन वर्षांपूर्वी त्या हिवाळ्यात, आतडं काढल्यावर शौचाची पिशवी कुठे लावायची त्याची फुली सर्जनने तुझ्या पोटावर पेनाने मारली होती. मग हे औषध लागू पडलं. तू आंघोळीला बसून ती फुली घासत होतास, गात होतास. मी दाराबाहेर रडत होते.

रोई : रडायचं काय त्यात? सुटलो होतो मी.

सोलरुन : सुटला कुठे होतास? मला तेव्हाच कळलं होतं, तुला जगवायचं तर तुला इथेच डांबून ठेवावं लागणार. आणि तसं होऊ दे, असंच मी मनात म्हणत होते. त्याची लाज वाटते मला.

रोई : कधी बोलली नाहीस.

सोलरुन : तू तरी कुठे बोललास? उशीर झाला म्हणून मी दुपारी हॉस्पिटलात फोन केला, तू कधी सुटशील विचारायला. तू आलाच नाहीस, असं नर्सबाई म्हणाल्या.

रोई : म्हणजे बाही वर करायला लावलीस तेव्हा सगळं माहीत होतं तुला.

सोलरुन : तू स्वतःहून सांगतोस का ते बघत होते. उद्या दहाला औषध द्यायची एक खुर्ची रिकामी आहे. एका दिवसाने काही बिघडत नाही म्हणाल्या. मी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही.

(फोन वाजतो.)

सोलरुन : हानुस असेल.

रोई : तू घेतेस?

सोलरुन : नाही.

रोई : हं, बोल हानुस. हो, बघितली तुझी बोट दुपारी, चांगली रंगवलीयेस. नाही, दुसरा कुणी बघ तू. नाही रे, ती काही बोललेली नाही. पोटात दुखत-बिखतही नाही. बरा आहे मी. बरा आहे म्हणूनच येत नाही.