पन घाई नाही

...आन वरून लोकं मलेच इचारते, आशाबाई, तुमाले टेन्शन नाही का वो? अवो, नाही कसं! नवऱ्याच्या गालाचा तुकडा कापून नेला दवाखान्यानं, आन टेन्शन नाही? पन माह्यं टेन्शन तुमच्यासारखं सरळ नाही ना बाप्पा! सांगतो, ऐका.

आमचे हे, म्हंजे पौर्णिमाचे बाबा, खर्रा खाते. सकाळी डोळा उघडाच्या आंधी खर्र्याची पन्नी उघडे! मोर्शीच्या स्टँडवर श्रावणभाऊचा पानठेला हाये, तो सुपारी, तंबाखू, चुना घोटून घोटून देते, आन हे गालात कोंबते. आता दिवसभर तोंड भरलेलं असलं तं मानूस बोलन कवा? लग्न झाल्यापासून ह्या मानसानं मले एकच शब्द आयकवला. 'उं.' चहा ठेवू का? उं. माह्या मायची तब्येत बरी नाही. उं. घराले आग लागली असती तरी आंधी थुकाले गेले असते, मंग वरडले असते. त्या 'उं'वर संसार केला वो मी! लांब 'उं' म्हंजे हो, आखूड म्हंजे नाही, आन नाकातून आला तं भाजीत मीठ जास्त.

मंग गालात आतून पांढरा चट्टा आला. तिखटाचा घास गेला का डोळ्यातून पानी. अमरावतीले सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीनबाई म्हने, काका, तोंड उघडा, आपली तीन बोटं उभी घाला पाहू. ह्यांचं एक गेलं, दुसरं अडलं, तिसऱ्याचं तं नावच नाही. बाईचा चेहराच बदलला. मले बाजूले घेऊन म्हने, "तुकडा काढून तपासावा लागन. कॅन्सर असू शकते, नसूबी शकते. रिपोर्ट आल्यावर समजन." मी भायेरच्या बाकावर बसून ह्यांले सारं सांगतलं.

आन तिथंच, त्याच बाकावर, ह्यांनी खिशातली पन्नी काढली आन कचऱ्याच्या डब्यात टाकली. बंद! वीस वर्सं मी हात जोडले, पाया पडली, माहेरी जाऊन बसली, काही झालं नाही, आन एका चट्ट्यानं काम केलं.

तुकडा काढल्यावर मंगळवारी रिपोर्ट घ्याले गेलो. खिडकीतला मानूस मान वर न करता म्हने, "नाही आला. पुढच्या मंगळवारी या." गेलो. "नाही आला. तुकडा अकोल्याले पाठवला." पुढच्या मंगळवारी? "तिथली मशीन बंद हाये, आता नागपूरले गेला." घ्या! मले ह्या मानसानं लग्नानंतर फिराले जवळच्या शेंदूरजनाघाटच्या पुढं कधी नेलं नाही, आन ह्याच्या गालाचा तुकडा अकोला काय, नागपूर काय, एकटाच फिरून राह्यला!

पन इकडं घरात काय झालं, ते तं आयका. तोंड रिकामं झालं ना! एका दुपारी जेवता जेवता हे म्हनले, "आशा, भाजी चांगली झाली." माह्या हातातलं पातेलं पडलं. मले वाटलं घरात कोनी दुसराच मानूस शिरला. ह्यांनी पौर्णिमाले इचारलं, कॉलेजात काय शिकवते वो तुमाले? पोरगी रडालेच लागली, म्हने मम्मी, बाबाचा आवाज असा हाये व्हय? मोरीजवळचा कोपरा, जिथं वीस वर्सं पिचकाऱ्या मारल्या, तो ह्यांनी स्वता घासला, चुना मारला. संध्याकाळी ओट्यावर माह्याजवळ बसून लहानपनच्या गोठी सांगत. कैऱ्या चोरल्याच्या, मास्तरचा मार खाल्ल्याच्या. आन हासत! मले मानूस सापडला वो. खोटं कायले बोलू, मले लय गोड वाटून राह्यलं होतं.

मंग मी मारोतीपुढं दिवा लावला आन म्हनलं, देवा, रिपोर्ट चांगला येऊ दे... पन घाई नाही.

आता तुमीच सांगा, काय चुकलं माह्यं? रिपोर्ट चांगला आला का हे पयले पानठेल्यावर. आन वाईट आला तं... ते तं तोंडातून काढूच नाही. म्हंजे रिपोर्ट येत नाही तोवर माहा संसार बेस! खिडकीपाशी सारी लाईन भांडून राह्यली, आमचा कावून नाही आला, आमाले काय धंदे नाही काय. आन मी म्हनतो, नाही आला? बरं झालं दादा, सावकाश येऊ द्या. त्या मानसानं पह्यल्यांदा मान वर केली. मले असा पाहून राह्यला, जसं काही मीच नवऱ्याले इख देऊन आली.

माह्यापेक्षा जास्त काळजी एकाच मानसाले होती. श्रावणभाऊले! मोठं गिऱ्हाईक तुटलं ना! दर मंगळवारी येऊन इचारे, "वहिनी, आला का जी रिपोर्ट?" मी मनात म्हनो, देवा, चांगला येऊ दे. पन घाई नाही.

मंग एक दिवस हे मले वावरात घेऊन गेले. संत्र्याच्या झाडाईतून थेट पान्याच्या मोटारीपाशी. म्हने, "मोटार कशी चालू कराची, शिकून ठेव."

म्हनलं, मले कायले पाह्यजे?

म्हने, "असंच. आपलं माहीत असलेलं बरं."

माह्यं बोट धरून बटनावर ठेवलं. अवो, मी गोठी आयकून खुश होऊन राह्यली होती, आन हा मानूस आतल्या आत मराची तयारी करून राह्यला होता! मी तिथंच मातीत बसून रडली. म्हनलं, खा बापा, खर्रा खा, जल्मभर 'उं' म्हन, पन ऱ्हाय. तशीच उठून मारोतीकडं गेली आन म्हनलं, देवा, मांगचं सारं इसर. घाई हाये.

त्या मंगळवारी माहे पायच निघेना. हे एकटेच गेले. मी ओट्यावर, संगं शेजारची ललिताबाई. संध्याकाळच्या एसटीनं हे आले. डोळे लाल, चेहरा सुजल्यासारखा, पाह्यलं आन बोलेचना.

म्हनलं, काय निघालं?

ह्यांनी एक हात वर आभाळाकडं केला आन म्हनले, "उं."

झालं! मी टाहो फोडला. ललिताबाईनं माह्यापेक्षा वर सूर लावला. पौर्णिमा धावत आली, तीन घरचे लोकं गोळा झाले, एकानं तं डोक्यावरची टोपीबी काढली. हे दोन्ही हात हालवून राह्यले, उं, उं, उं! आन आयकते कोन? शेवटी पयत पयत मोरीपाशी गेले, त्याच चुना मारलेल्या कोपऱ्यात पचकन थुकले, आन म्हनले, "अवो, नाही निघाला कॅन्सर! रडता कायले?"

एसटीतून उतरले तं समोर श्रावणभाऊ उभा! रिपोर्ट चांगला आला म्हनल्यावर लोकं पेढे वाटते, यानं खुशीत डबल तंबाखूचा खर्रा घोटून देला. फुकट!

मी रडून राह्यली का हासून राह्यली, माह्यं मलेच समजेना. मानूस वाचला वो. आन तो बोलनारा होता ना, तो गेला.

पुढच्या मंगळवारी तो रिपोर्ट डॉक्टरीनबाईले दाखवला. म्हने, आता नाही हाये, पन काकानं खर्रा सोडला नाही तं पुढच्या बारीचं सांगता येत नाही. मी हातच जोडले. म्हनलं, बाई, तुमी दर सहा महिन्याले ह्यांचा एक तुकडा काढत जा, आन पाठवत जा अकोल्याले, नागपूरले, जिकडं पाठवाचा तिकडं. रिपोर्ट नाही आला तरी चालते. आमाले घाई नाही.

मांगून आवाज आला, "उं."

आखूड.